सरीला घरात घ्या

सोमवारी सकाळी कडुबानं मऊ भाताचा चमचा पुढं केला तेव्हा त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, मान भिंतीकडे फिरवली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मही सरी अंगणात हाय. सरीला घरात घ्या, मंग जेवते." चमचा हवेतच राहिला. कडुबाला आधी आनंद झाला. दिवाळीनंतर तिला झटका आला तेव्हापासून तिच्या तोंडून धड वाक्य असं निघालंच नव्हतं. पंख्याला ती बैल म्हणायची, तहान लागली की चप्पल मागायची, सुनेला कधी मावशी तर कधी मास्तरीणबाई करून टाकायची. डॉक्टर म्हणाले होते, शब्दांचे कप्पे उलटेपालटे झालेत, मनाला लावून घेऊ नका. आणि आज एकदम कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. "सुलेखा, ऐकलंस का, माय बोलली," असं ओरडत तो स्वयंपाकघरात गेला, बायकोला हाताला धरून घेऊन आला, तोवर मायनं ओठ घट्ट मिटले होते. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मंगळवारी चमच्यानं साखरपाणी तेवढं गेलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर ॲडमिट करा, नाकातून नळी घालावी लागेल. मागच्या खेपेला तिनं ती नळी उपसून काढली होती, आणि मग तिचे हात पट्टीनं कॉटला बांधून ठेवले होते. उजवा हात तर लुळाच होता, तोही बांधला होता. कडुबानं ते पाहिलं होतं आणि बाहेर जिन्यात येऊन तो ढसाढसा रडला होता. ते पुन्हा पाहायचं नाही, एवढं एकच त्याच्या मनात पक्कं होतं. बाकी सगळा गोंधळ होता.

सरी म्हणजे गळ्यातला दागिना. हल्लीच्या पोरींना विचाराल तर सांगता यायचं नाही. ना मणी, ना साखळी, नुसती सोन्याची कडी, गळ्याभोवती चपखल बसणारी. मायच्या गळ्यात तशी सरी होती. कडुबाला ती आठवत होती. मांडीवर पडून वर पाहिलं की तिच्या हनुवटीच्या खाली एक पिवळी गोल कड, आणि तिनं उचलून छातीशी धरलं की ती गालाला लागायची, गार. इतकी गार की अंगावर काटा यायचा आणि तरी गाल तिथंच ठेवावासा वाटायचा. हे त्याच्या आठवणींतलं सगळ्यात जुनं होतं. त्याच्या आधीचं काही नव्हतं. नंतरच्या आठवणींत मात्र तिचा गळा काळ्या पोतीपुरताच. मधे सरीचं काय झालं, हे घरात कुणी सांगत नसे. आत्या माहेरपणाला आली की माय गप्प व्हायची, यावरून सुलेखानं लग्नानंतर पहिल्या वर्षातच निष्कर्ष काढला होता की सरी आत्यानंच लांबवली. कडुबाचा संशय वेगळा होता आणि तो त्यानं कधी उच्चारला नाही. त्याला वाटायचं, अण्णांनीच ती कुठंतरी घालवली. त्याचे वडील अबोल होते. अंगणात बाज टाकून तासन् तास एका कोपऱ्याकडे बघत बसायचे, आणि अशा माणसाच्या मनात काहीतरी खोट असणार, असं पोरवयात त्यानं ठरवून टाकलं होतं. पुढं अण्णा गेले, त्यांना अग्नी देतानासुद्धा ती सरी त्याच्या मनात येऊन गेली, आणि त्या गोष्टीची त्याला आजतागायत लाज वाटत होती. त्यामुळे सरी अंगणात आहे, हे ऐकून त्याला दुसऱ्यांदा आनंद झाला. म्हणजे कुणीच चोर नव्हतं. मायनंच कधीतरी भीतीपोटी पुरून ठेवली आणि विसरली. असं होतं की.

त्यांची मोनिका पुण्याला कंपनीत. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, अख्खं अंगण खणत बसू नका, कंबर धरेल. मेटल डिटेक्टर मागवते, बुधवारी येईल. आजीला म्हणावं शोधतोय, निदान दूध घे." दूध काही तिनं घेतलं नाही, पण मशीन आलं. लांब दांडी, खाली ताटाएवढी तबकडी, वर हाताला पट्टा आणि बोटाएवढा पडदा. लोखंडावर गेलं की जाड आवाज, सोन्याचांदीवर गेलं की बारीक. सुलेखानं स्टीलचा डबा, उलथणं, स्वतःच्या बांगड्या असं एकेक फरशीवर ठेवून पाहिलं आणि बांगड्यांवर ते बारीक किंचाळलं तेव्हा तिचा थोडा विश्वास बसला. कडुबाचा तर खोक्यातून काढल्यापासूनच बसला होता. वजनमापे खात्यात त्याची नोकरी झाली. शहरभरातले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा. गुलमंडीवरचे दुकानदार लांबूनच "आओ ठाले साहेब, बैठो" करायचे, चहा मागवायचे, आणि तो चहा तसाच ठेवून आधी वजन उचलायचा. ठाले साहेब. कडुबा हे नाव खात्यात कुणाच्या तोंडी नव्हतं, त्यानं येऊच दिलं नाही. सही करताना तो फक्त के. लिहायचा. माणसं नाना तऱ्हेनं बोलतात, त्यातलं काय खरं धरायचं हे त्याला आयुष्यभर कळलं नाही, पण काट्याकडे बघून सांगता यायचं. म्हणून गुरुवारी सकाळी, माय भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना, तो पट्टा दंडाला बांधून अंगणात उतरला तेव्हा त्याला बऱ्याच दिवसांनी कामावर निघाल्यासारखं वाटलं.

मुकुंदवाडी हे त्याच्या लहानपणी गाव होतं. मग शेतं गेली, वस्ती आली, स्टेशनच्या दोन्ही अंगांनी शहर चढत आलं आणि आता त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना अपार्टमेंट उभी होती. मधे ह्यांचं एवढंसं अंगण मातीचं राहिलं होतं. शेवग्याचं झाड, धुण्याचा दगड, मागं जुन्या मोरीची पडकी भिंत. मोनिका कधीची मागं लागली होती, गट्टू बसवून घ्या म्हणून. वरच्या गॅलऱ्यांतून बायका कपडे वाळत घालता घालता खाली बघत होत्या. कडुबा तबकडी जमिनीसरशी इकडून तिकडे फिरवत, बोटबोट पुढं सरकत होता, आणि जमीन बोलत होती. एवढं बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. पावला-दोन पावलांवर आवाज. खुरप्यानं उकरावं तर खिळा. पुन्हा आवाज, उकरावं तर सोड्याच्या बाटलीचं टोपण, बैलाच्या खुराची अर्धी पत्री, अडकित्त्याचं एक पातं. अडकित्ता अण्णांचा, तो हरवला त्या दिवशी अण्णांनी सुपारी दगडानं फोडून खाल्ली आणि कुणालाही काही विचारलं नाही. मग सायकलच्या घंटीची वाटी निघाली. ती त्यानं शर्टाला पुसली आणि उगाच नखानं वाजवून पाहिली, आणि त्या किरट्या आवाजासरशी त्याला आठवलं की सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून तो शहागंजला जायचा तेव्हा अण्णांचा श्वास त्याच्या डोक्यावर लागायचा. माणूस बोलत नव्हता, पण श्वास घेत होता, इतक्या जवळून. हे आपण कसं विसरलो होतो? की विसरलो नव्हतो, फक्त त्याच्यावर माती चढली होती? घाम पुसून तो उभा राहिला. काय शोधायला आलो होतो हे क्षणभर त्याच्या लक्षातच येईना.

"काय ठाले साहेब, गुप्तधन?" भिंतीवरून पुंजारामचं डोकं वर आलं. पुंजाराम शेजारी, बरोबर गोट्या खेळलेला, आता दोन नातवांचा आजा. "आमचा बी हिस्सा ठिवा बरं का. भिंत सामायिक हाय."

"आईची सरी शोधतोय," कडुबा म्हणाला.

"आत्ता? लई उशीर केला राव," पुंजाराम हसला. मग आतल्या खोलीकडं बघून त्याचं हसू मावळलं. "जेवली का माय काई?"

"नाही."

"अरं देवा," असं म्हणून ते डोकं खाली गेलं.

दुपारपर्यंत अर्धं अंगण झालं. खिळ्यांची ढिगोळी तेवढी वाढली. सुलेखा या वेळात कुणाला न सांगता रिक्षानं गुलमंडीवर जाऊन आली होती. पिशवीतून तिनं चकचकीत बेन्टेक्सची सरी काढली, पदरानं पुसली, थोडी माती लावली आणि कडुबाला डोळ्यांनी खुणावलं, तुम्ही काही बोलू नका. तिची युक्ती अगदीच टाकाऊ नव्हती. दोघं मायच्या खाटेशी गेले. सुलेखा सासूला आत्याबाईच म्हणायची. गोड आवाजात म्हणाली, "आत्याबाई, हे बघा काय सापडलं. तुमची सरी." आणि तिनं ती मायच्या डाव्या, चांगल्या हातात दिली. मायनं ती चाचपली. बराच वेळ चाचपली. मग चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू कुणीतरी तिची थट्टा केली आहे. "हे कामून आनलं?" ती म्हणाली. "मी काय मागते? सरीला आना. कव्हाची बाहेर हाय. गार लागंल तिला." सरी अंथरुणावर टाकून तिनं तोंड फिरवलं. सुलेखा डोळे पुसत आत गेली; एवढ्या उन्हातून जाऊन आली होती बिचारी. कडुबा तिथंच उभा राहिला. गार लागंल. मार्च महिना, भर दुपार, दागिन्याला गार. चाललं, परत कप्पे उलटेपालटे झाले, असं त्यानं स्वतःला सांगितलं, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. ते वाक्य मोडकं नव्हतं. बैल आणि चप्पल म्हणताना तिचे डोळे शब्द शोधत भिरभिरायचे. आत्ता ते भिरभिरले नव्हते. ती त्याच्यावर चिडली होती, रोखून, एखादं साधं काम सांगावं आणि समोरच्यानं ते मुद्दाम करू नये, तशी.

जुनं माणूस एकच उरलं होतं. अण्णांचे धाकटे भाऊ, नानासाहेब, पैठणला मुलाकडे असायचे. कडुबानं अंगणात धुण्याच्या दगडावर बसून फोन लावला. नानांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्याला ओरडावं लागलं, आणि वरच्या गॅलरीतल्या बायकांनाही सगळं कळत गेलं. माय जेवत नाही. सरी मागते. अंगणात आहे म्हणते. मी मशीन लावून शोधतोय. तुम्हाला जागा ठाऊक आहे का?

"कोणती सरी म्हणती ती?" नाना म्हणाले.

"किती सऱ्या होत्या? सोन्याची."

"ती अंगणात कशी आसंल? ती तर वैनीनं देवीला वाह्यली. तू जगला म्हून. मी सोता गेल्तो संगं, तू पाळण्यात व्हता तव्हा."

कडुबाला नीट समजलं नाही. "मग अंगणात काय आहे?"

पलीकडे नानांनी कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं.

"काय नाय रं," नाना म्हणाले. "कोन, आसं इचार."

आणि मग ते सावकाश सांगत गेले, मधे मधे खोकत. तुह्या आगुदर पोरगी झालती. सरस्वती. सगळे सरी म्हनायचे. रांगायला लागली व्हती, लई चपळ, दिवसभर आंगनात. ताप आला आन् एका रातीत गेली. लहान लेकरू जाळीत नसत्यात. तुह्या आजीनं सांगितलं, लांब नेऊ नका, आंगनातच ठिवा, म्हंजी त्याच कुशीला माघारी येतं. मोरीच्या मागं, कोपऱ्यात. पायात चांदीचे वाळे व्हते, ते वैनीनं काढू दिले नायत. मंग वर्षाच्या आत तू झाला. म्हून तर तुला कडू नाव ठिवलं, परत कुनी उचलून नेऊ नये म्हून.

"मला कधी कुणी सांगितलं नाही," कडुबा म्हणाला. त्याचा आवाज आता ओरडण्याइतका निघत नव्हता.

"काय?"

"मला सांगितलं नाही कुणी!"

"सांगून काय करायचं व्हतं? वैनीम्होरं तिचं नाव काढायची चोरी व्हती," नाना म्हणाले. "तू हायेस ना. बास झालं."

फोन ठेवल्यावर तो दगडावरच बसून राहिला. आधी त्याला काही वाटलंच नाही. मग एक फालतू गोष्ट मनात आली आणि ती तिथून हलेना: ला. सोमवारपासून ती सरीला म्हणत होती. सरी घरात घ्या, असं एकदाही म्हणाली नाही. तांब्या आण, कुलूप लाव, चूल पेटव. वस्तूला कोण ला लावतं? ला लागतो तो माणसाला. पोराला आण, गाईला सोड, सरीला घरात घ्या. दुसरीतल्या पोरालाही हे कळतं. आणि आपण तिचं वाक्य डॉक्टरांनी सांगितलेल्या रोगात जमा करून टाकलं. ती चार दिवस बरोबर बोलत होती आणि आपण मोडकं ऐकत होतो. बायको मोडकं ऐकत होती. मोनिकानं तर त्या मोडक्याला मशीन पाठवलं. त्याला हसू आलं. त्याला बहीण होती. होती म्हणजे काय? तो नव्हता तेव्हा ती होती, आणि तो झाला तेव्हा ती नव्हती. दोघं एका घरात एका क्षणासाठीही एकत्र नव्हते. असल्या माणसाला बहीण म्हणायचं की नाही? राखी पौर्णिमेला चुलत बहिणी यायच्या, त्यांच्यापुढं तो हात करायचा तेव्हा माय दर वेळी काहीतरी निमित्त काढून आत निघून जायची. त्याला वाटायचं, ताटात घालायला काही नाही म्हणून तिला लाज वाटते. आणि ती थप्पड. मायनं त्याला उभ्या जन्मात एकदाच मारलं होतं. पुंजाराम आणि तो मोरीमागच्या कोपऱ्यात गोट्यांसाठी खड्डा करत होते. माय धुणं टाकून धावत आली, त्याच्या कानाखाली वाजवली, खड्डा दोन्ही हातांनी बुजवला आणि मग त्यालाच पोटाशी धरून बसली, कितीतरी वेळ. पुंजाराम घाबरून पळाला होता. कडुबाला त्या मारापेक्षा नंतरच्या त्या मिठीचीच भीती वाटली होती, कारण ती मिठी आपल्याला नाही असं त्याला वाटलं होतं. सात-आठ वर्षांच्या पोराला असं का वाटावं? पण वाटलं होतं.

आणि मग त्या सरीचं काय, सोन्याच्या? नाना म्हणतात, तो पाळण्यात असतानाच ती देवीला गेली. पाळण्यातल्या लेकराला कुठलं आठवणार? तरी ती पिवळी कड त्याला दिसत होती, गालाला लागत होती, आत्ता, ह्या दगडावर बसल्या बसल्यासुद्धा. त्यानं गालावर हात ठेवला. दाढीचे खुंट लागले. ही आठवण कुणाची होती? माघारी येतं, असं आजी म्हणाली होती. ती माघारी आली असेल तर ती म्हणजे आपणच. मग मोरीमागं कोण आहे? आणि आपण खाटेशी उभे असताना माय कुणाला बाहेरून बोलावते आहे? आणि ती माघारी आली नसेल, नुसता दुसराच कुणीतरी आला असेल, तर मायनं इतकी वर्षं आपल्याकडे बघून काय पाहिलं? एका बाजूनं सगळं समजत होतं. लहान लेकरू गेलं, घरोघरी जायचं त्या काळी. जुन्या समजुती. नावं तशीच ठेवायची, त्याच्या वर्गात दोन कडुबा आणि एक धोंडू होता. दुसऱ्या बाजूनं त्याला एवढंही कळेना की आपल्याला दुःख होतंय ते कशाचं. जिला पाहिलं नाही तिचं? मायचं? की आपण कुणाच्या तरी जागेवर येऊन बसलो, आणि साठी ओलांडली तरी जागा आपलीच समजत राहिलो, ह्याचं? अण्णा त्या कोपऱ्याकडे बघत बसायचे. त्या माणसाला आपण चोर ठरवलं. कडुबानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वरच्या बायका आत गेल्या होत्या. कुणीतरी गॅलरीचं दार हळूच लावून घेतल्याचा आवाज आला.

ऊन कलल्यावर तो उठला आणि मशीन घेऊन मोरीमागं गेला. कशासाठी गेला हे त्याला सांगता आलं नसतं. तिथं गवत वाळलं होतं, माती बाकीच्या अंगणासारखीच होती. बटण दाबून त्यानं तबकडी अगदी सावकाश, झोपलेल्या माणसावरून पांघरूण ओढावं इतकी हळू फिरवली. काही नाही. थोडं पुढं. काही नाही. मग बारीक आवाज आला. खिळ्यांचा नव्हता तो. त्यानं तबकडी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा आला. तिथून वीतभर अंतरावर दुसरा, तसाच. दोनच. भोवती सगळीकडे गप्प. बाटल्यांची झाकणं असू शकतात, गोळ्यांच्या पाकिटांची चांदी असू शकते. नोकरीत असता तर त्यानं उकरून, धुऊन, वजन करून सांगितलं असतं. खुरपं त्याच्या हातात होतं. तो खाली बसला. माती खुरप्याच्या टोकाला लागली आणि तो थांबला. खाली वाळे असतील तर ती होती. दुसरंच काही निघालं तर? तर ती कुठंच नव्हती, आणि माय चार दिवस कुणासाठीच उपाशी होती. दोन्हींतलं काय सोसवेल, हे त्याला ठरवता येईना. आणि वाळे निघालेच, तर ते घेऊन मायकडे जायचं? तिला म्हणायचं, ही घे तुझी सरी? ती वाळे मागत नव्हती. हाडं मागत नव्हती. ती अंगणात खेळणारं रांगतं लेकरू घरात घ्यायला सांगत होती, कारण आता गारठा सुटणार. तिच्या लेखी सरीला ताप अजून आलाच नव्हता. त्यानं खुरपं बाजूला ठेवलं, मशीनचं बटण बंद केलं आणि मातीवर हात ठेवला. माती कोमट होती.

"सापडलं काही?" सुलेखानं मागच्या दारातून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "भात मऊ करून दे जरा. तूप घाल."

"परत? कशाला त्यांना त्रास देता? उद्या नेऊच ना आपण."

"तू दे तर."

हात धुऊन तो मायच्या खोलीत गेला. ती तशीच होती, भिंतीकडे तोंड, पाठीचे मणके मोजून घ्यावेत इतकी वाळलेली. वाटी घेऊन तो खाटेच्या कडेला बसला. काय बोलायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर बहुधा बोलता आलं नसतं.

"माय," तो हळू म्हणाला, "सरीला घेतलं घरात."

पाठ हलली. माय वळू लागली. त्यानं खांद्याला धरून तिला सरळ केलं. "आनलं?"

"आणलं."

"कुठंय?"

"झोपली. पाळण्यात टाकलं."

माय कान देऊन ऐकत राहिली. शेजारच्या खोलीतून काही आवाज येतो का, हे ऐकत असावी. स्टेशनकडून गाडी गेली, तिची धडधड भिंतीतून आली आणि संपली. मग मायच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. "मंग वरडू नको," ती कुजबुजली. "लई येळानं झोपती ती." आणि तिनं तोंड उघडलं. कडुबानं चमचा आत दिला. तिनं गिळला. दुसरा दिला, तोही गिळला. दारात सुलेखा तोंडाला पदर लावून उभी होती. तिला खूण करून त्यानं तिथंच थांबवलं. थोडा भात मायच्या हनुवटीवर सांडला तो त्यानं बोटानं टिपला. उद्या ॲडमिट करायला नको. हात बांधायला नकोत. त्याच्या छातीवरचा इतक्या दिवसांचा दगड उतरला, त्याला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण तो रडला नाही, कारण पाळण्यातली उठली असती.

अर्धी वाटी झाल्यावर माय थांबली आणि पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहराभर पाहिलं, केसांकडे, चष्म्याकडे. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. दारात आलेल्या बऱ्या माणसाकडे बघतात तशी ती बघत होती.

"तू कोन रं?" तिनं विचारलं.

कडुबाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. मी कडुबा. तुझा मुलगा. पण हे नाव तिनं का ठेवलं ते आता त्याला ठाऊक होतं. ते नाव घेतलं की पाळणा रिकामा झाला असता, ताप आला असता, ती रात्र आली असती. त्याला जन्माला यायचं तर सरीला जावं लागत होतं. आणि सरी आत्ता कुठं घरात आली होती.

"शेजारचा," तो म्हणाला.

"जेवला का?"

"नाही."

"आसं कसं?" मायनं डावा हात पुढं करून त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. वाटीतून भात उचलायला तिला बराच वेळ लागला. मग तो लटपटणारा चमचा तिनं त्याच्या तोंडापाशी आणला. "खाऊन घे पटकन," ती म्हणाली. "सरी उठली की मंग मला दुसऱ्या कुनाकडं बघाया येळ नस्तो."

कडुबानं तोंड उघडलं. अर्धा भात शर्टावर पडला, उरलेला त्यानं खाल्ला.